जाड वंगण

ममतानं तीन छोट्या डब्या टेबलावर मांडल्या. एकीत पातळ तेल, दुसरीत सायीसारखं वंगण, तिसरीत जाड ग्रीस. शेजारी बारीक ब्रश आणि उघडा पडलेला कीबोर्ड.

तिच्या वडिलांनी, हरिसिंगांनी, तिन्ही डब्या हुंगल्या. दारव्ह्याच्या तहसीलबाहेर तीस वर्षं त्यांनी टाइपरायटरवर लोकांचे अर्ज टंकले होते. यंत्राला तेल कुठं द्यायचं, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. त्यांनी मोबाइल घेऊन सावकाश टंकलं : 'पातळ लावावे. जाड लावल्यास आवाज राहणार नाही. सबब विनंती मान्य व्हावी.'

ममता हसली. "जाड टिकते, बापू. पातळ महिन्याभरात उडून जाते."

घशाच्या ऑपरेशनमध्ये बापूंचा आवाज गेला होता. सांगायचं ते कीबोर्डवर टंकून स्क्रीनवर दाखवायचे. कुणाला बोलवायचं असलं की एंटरवर तीन ठोके. कडक खटक्यांचा तो कीबोर्ड ममतानंच पहिल्या पगारातून आणला होता. ठोके पार अंगणात जायचे. "तोंड गेलं हरिसिंग, पण तुही कटकट नाही गेली!" शेजारचे पूनमसिंग ओरडायचे. बापू उत्तरादाखल आणखी तीन ठोके द्यायचे.

भिंतीपलीकडे बसून ममता पुण्याच्या कंपनीचं काम करायची. परवा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं होतं, "ममता, तुमच्याकडे टिनावर गारा पडतायत का?" सगळे हसले होते. तीही हसली होती.

तिनं प्रत्येक खटक्यात ग्रीस भरलं. एंटरच्या खटक्यात दोनदा. संध्याकाळी बापूंनी तीन ठोके देऊन पाहिले. कणकेत बोट रुतावं तसं झालं. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी याडी, म्हणजे ममताची आई सुखीबाई, तूर पाहायला वावरात गेली. ममता दहा ते साडेबारा मीटिंगमध्ये होती. पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. आज कुणी हसलं नाही. मीटिंग छान झाली.

पाण्याचा तांब्या घेऊन ती गेली तेव्हा बापू खुर्चीतून घसरून भिंतीला टेकले होते. अंग गार पडलं होतं. स्क्रीनवर होतं : 'ममता'. खाली तीन रिकाम्या ओळी. 'ममता'. तीन रिकाम्या ओळी. 'ममता'. मग नुसत्याच रिकाम्या ओळी, पानामागून पान.

तिनं ते एकदाच वाचलं आणि बंद केलं. जतन करायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. तिनं 'नाही' दाबलं. मग वावरात निरोप धाडला.

तिसऱ्या दिवशी बाया भोवती बसल्या होत्या. सुखीबाई रडत नव्हती. बापूंच्या खुर्चीकडे पाहत ती एकच गोष्ट घोळवत होती.

"पोरगी भिंतीपलीकडं होती. तीन ठोके दिले असते तं धावली असती. त्यायनं दिलेच नाही. माह्या हातची पेज पिऊन कंटाळले असतीन. त्यायले जगायचंच नव्हतं, बाई."

"असं नको म्हणू वं, सुखी," पूनमसिंगांची बायको म्हणाली.

"मंग काहून नाही बोलावलं?"

ममता उठली, आईसमोर येऊन बसली.

"बोलावलं होतं, याडी. लय येळ बोलावलं. मले त्यायच्या ठोक्यायची लाज वाटे, म्हणून आदल्या दिवशी मीच आवाज बंद केला होता."