पडद्यावरची रेषा

“मनाची शांती मनगटावर मोजता येते!” ताणमुक्ती शिबिराच्या मंचावर नवऱ्याने पट्टा बांधलेला हात उंचावला. पट्ट्याने टिपलेल्या हृदयाच्या ठोक्यांची हिरवी रेषा मागच्या मोठ्या पडद्यावर संथ चालली होती.

पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोने केस कानांमागे सारले. कानांत मोत्याच्या कुड्या होत्या, पण तिच्या नव्हेत. परवा त्याच्या दौऱ्याच्या बॅगेत सापडलेल्या. वर्षभर तो मात्र तिलाच ऐकवत होता, “संशयी कुठली! रोज फिरायला जा, प्राणायाम कर, डोकं शांत होईल.”

त्याची नजर कुड्यांवर गेली. दोनशे माणसांसमोर रेषा उसळून लालभडक झाली.

ती उठली आणि गोड आवाजात म्हणाली, “अहो, दीर्घ श्वास घ्या. कुड्या जिच्या आहेत, तिलाही बोलावलंय मी.”