गरम बोंबील

ईस्टरआधीच्या उपवासकाळात नवरा वारला, मग सणही सरला, तरी नवघरच्या सेसिलियाबाईंना काहीच जाणवत नव्हतं. उपवासासाठी सोडलेली मच्छी त्यांनी पुन्हा आणलीच नाही. आज चर्चमधल्या रविवारच्या वर्गात मुलांना गोष्ट सांगायची होती: मरणातून उठलेला येशू तळ्याकाठी मासे भाजतो, दमलेल्या शिष्यांना खायला बोलावतो. तो आजही आपल्या घरी येतो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? शिकवणं सोडतेय, असं फादरना कळवायला त्यांनी रिसीव्हर उचलला. तेवढ्यात शेजारची रुक्मिणी भाकरी आणि तळलेले बोंबील घेऊन आली. "टीचर, तुमचा उपास कवाच सुटला ना? मंग तवा थंड कसा?" "भूक नाही गं." "मी इचारलं का? या, गरम हायेत तवर खावा." तळ्याकाठचं ते बोलावणं बाईंना आठवलं. मन अजून बधिरच होतं. तरी त्यांनी रिसीव्हर ठेवला, बोंबील मोडला. "तूही बस. खाऊन वर्गाला जायचंय मला."