कन्नडची सूट

पुण्याहून बेंगळुरूला आलो, तेव्हा माझ्या सातवीतल्या हर्षिताला शाळेत कन्नडची सूट मिळत होती.

"सूट नको घेऊस गं, स्वल्प स्वल्प मी शिकवते तिला," सासूबाई म्हणाल्या.

"कशाला, आई? घरात आपण मराठीच बोलतो की," मी म्हणाले आणि सूट घेतली.

पुढच्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये सासूबाईंचा आवाज गेला. घरी आल्या त्या संध्याकाळी हर्षिता दप्तर टाकून त्यांच्याकडे धावली. त्यांनी पाटीवर काहीतरी लिहून तिच्यापुढे धरलं. त्यांचं शिक्षण कन्नड शाळेत झालेलं, त्या मराठीही कन्नड अक्षरांतच लिहीत. आम्हा दोघींना त्यातलं एकही ओळखता येईना. हे अजून कामावरून यायचे होते. आम्ही पाणी दिलं, उशी दिली, गोळी दिली. त्या नुसती नकारार्थी मान हलवत राहिल्या.

शेवटी शेजारच्या भाग्यलक्ष्मी अक्कांना बोलावलं. त्यांना मराठी कळत नाही. एकेक अक्षर जुळवत त्यांनी वाचलं, "आज... शाळेत... काय... शिकलीस?"