डोळ्यांवरचं नाव

“डोळ्यांवरच का लिहिलंत, अण्णा?” ज्ञानराजने संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता विचारलं. “कोपऱ्यात जागा नव्हती?”

“कोपऱ्यातलं कापून टाकतात,” तिरुमारन म्हणाला. “छातीवरचं पुसून टाकतात. डोळ्यांवरचं कोणाला पुसता येत नाही.”

“ते आज कळलं. तासभर झाला, मलाही येत नाहीये.”

ज्ञानराजच्या फ्लेक्सच्या दुकानात छपाईचं यंत्र तयार होऊन घरघरत होतं. पडद्यावर सुडलैमुत्तू होता. पंचाहत्तरीचा, उघडाबंब, खांद्यावर ताडावर चढायचा दोर. त्याच्या या कानापासून त्या कानापर्यंत, दोन्ही डोळ्यांवरून, फोटो काढणाऱ्या तिरुमारनचं नाव पसरलं होतं. म्हातारा पहाटे गेला होता. चार वाजता त्याला उचलायचं होतं, आणि त्याआधी चौकात त्याचा फ्लेक्स लागायला हवा होता. उडनगुडी गावात फ्लेक्स लागल्याशिवाय माणूस गेला असं कोणी धरत नाही.

त्याची मुलगी पेच्ची बाकावर बसली होती. तिचं रडून झालं होतं.

“आधार कार्डावरचा लावू का, अक्का?” ज्ञानराजने विचारलं.

“त्यात अप्पा चोर दिसतात.”

ज्ञानराजने शेवटचा उपाय केला. संगणकाने अक्षरं गिळली आणि त्या जागी आपल्या मनाने नवे डोळे काढले. चांगले पाणीदार डोळे होते. पेच्ची उठून जवळ आली.

“हा कोण? बँकेतला साहेब?” ती म्हणाली. “अप्पांच्या उजव्या पापणीवर खूण होती. झावळीच्या देठाने कापलेली. अण्णा, तुमच्याकडे मूळ फोटो असेलच ना?”

तिरुमारनने सकाळी फोनवर सांगितलेलंच पुन्हा सांगितलं. मूळ फोटो ज्या डिस्कवर होते ती पुरात तीन दिवस पाण्याखाली होती. आता जगात होता तो एवढाच. चोरांना उपयोग होऊ नये म्हणून लहान केलेला, नाव ठोकलेला. सांगताना त्याचं त्यालाच वाटलं, कुलूप आपण चांगलं लावलं. आपल्यालाही उघडत नाही.

“ताडगुळाचा तो डबा तरी राहायला हवा होता,” पेच्ची म्हणाली. “त्याच्यावर अप्पा बिननावाचे होते. एक रिकामा डबा आमच्या देवाच्या फळीवर होता, तोही पुरातच गेला.”

 सहा वर्षांपूर्वी हा फोटो तिरुमारनने पहिल्यांदा लोकांना दाखवला होता, तेव्हा तो स्वच्छ होता. महिन्याभरात एका ताडगूळवाल्याने न विचारता तो उचलून डब्यावर छापला. तिरुमारन दोन वर्षं तक्रारी करत राहिला, नोटिसा पाठवत राहिला. शेवटी जिंकला. सगळे डबे बाजारातून उचलले गेले. स्वच्छ फोटोही त्याने सगळीकडून काढून टाकला आणि तेव्हापासून तो नाव डोळ्यांवर टाकायला लागला होता.

“डबे बंद झाले ना,” पेच्ची ज्ञानराजला सांगत होती, “तेव्हा अप्पा दुकानादुकानात जाऊन विचारायचे, ‘काय रे, मी संपलो का?’”

ज्ञानराज हसला. पेच्चीही थोडी हसली. तिरुमारन उठला आणि चपला घालून बाहेर पडला.

वीस मिनिटांनी तो परत आला तेव्हा त्याच्या शर्टावर जळमटं लागली होती. हातात पारदर्शक पिशवीत सीलबंद केलेला एक पुठ्ठ्याचा डबा होता. पिशवीवर त्याच्याच अक्षरात तारीख होती आणि खाली ‘पुरावा’. माळ्यावर होता, म्हणून पाण्यातून वाचला होता.

त्याने कात्रीने पिशवी कापली. डबा दारातल्या सावलीत ठेवला, गुडघे टेकले आणि बरोबर वरून दोन फोटो काढले.

ज्ञानराजने ते मोठे करून पाहिले. “छपाईचे ठिपके दिसतायत, अण्णा.”

“फ्लेक्स किती फुटी?”

“आठ बाय सहा.”

“मग रस्त्यावरून नाही दिसणार. डोळा ते जोडून घेतो.”

पेच्चीने पडद्याला बोट लावलं. पापणीवर बारीक पांढरी रेघ होती. तिने बोट तिथेच ठेवलं.

“म्हणजे चोरानेच सांभाळला म्हणायचा,” ज्ञानराज पुटपुटला आणि मजकूर टाकायला लागला. जन्म, मरण, चार वाजता, कुठून कुठे. मग खाली शोकाकुल मंडळींची रांग. पेच्ची नावं सांगत गेली. मुलगे, जावई, नातू, ताड चढणाऱ्यांची सोसायटी. शेवटी ती थांबली.

“अण्णांचं घाल.”

“फोटो यांचा, असं घालू?” ज्ञानराजने विचारलं.

“रांगेत घाल रे. बाकीच्यांसारखंच. सोसायटीनंतर.”

तिरुमारन नको म्हणणार होता. पण यंत्र सुरू झालं होतं.

साडेतीनला चौकात दोन बांबूंवर सुडलैमुत्तू उभा राहिला. ये-जा करणारे थांबत होते, मोबाइल वर करून त्याचा फोटो घेत होते. तिरुमारन चहाच्या टपरीला टेकून पाहत होता. त्याचं नाव तळाशी होतं, अकरावं, बारीक अक्षरात. कोणालाही सहज कापून टाकता आलं असतं.