खाऱ्या पाण्यातली जागा

"घट्ट नको धरूस. आणि डोळे झाक त्याचे, म्हणजे धडपडायचा नाही," दाजी म्हणाले.

मेहुण्याने ओल्या फडक्याची कड माशाच्या डोळ्यांवर ओढली. तो बहिणीचं विचारायला आला होता, पण चपला काढतो न काढतो तोच दाजींनी त्याच्या हातात मासा दिला. धरायला कुणीतरी हवंच होतं. दाजींची आई माशाला हात लावत नव्हती आणि मुलगी शाळेत गेली होती.

निळ्या माशाच्या पोटाच्या बाजूला नखाएवढी जखम उरली होती. दाजींनी कापसाचा बोळा आयोडीनमध्ये बुडवला, निथळवला आणि अलगद टेकवला. कल्ल्यांना थेंबसुद्धा लागू दिला नाही. आपल्या बहिणीला एवढ्या हळुवार हाताचा नवरा मिळाला याचा कुठल्याही भावाला आनंद झाला असता.

"दाजी, डॉक्टर म्हणतात ताई आता बरी आहे. गोळ्या घरीच चालतील. माणसांत राहायला हवं म्हणे."

"थांब, आधी ह्याला पाण्यात जाऊ दे."

मासा छोट्या टाकीत गेला. मेहुणा हात तसेच धरून उभा राहिला.

ताई बरेच महिने मनाच्या आजाराच्या रुग्णालयात होती. मधे एकदा तिला घरी आणलं होतं. तोवर सासूबाईंनी स्वयंपाकघरातले डबे आपल्या सोयीने लावून घेतले होते, मुलीला आजीशिवाय झोप येत नव्हती आणि ताईच्या कपाटात जास्तीची अंथरुणं होती. कुणी तिला वावगं बोललं नाही, हे कबूल करायला हवं. ती चहा ठेवायला उठली की सासूबाई गोडच म्हणायच्या, "राहू दे गं, तुला सापडायचं नाही." मग ती उठेनाशी झाली. मग बोलेनाशी झाली, आणि तिची पुन्हा रुग्णालयात रवानगी झाली.

"ह्याचं काय झालं माहितीये?" दाजी छोट्या टाकीकडे बघत म्हणाले. "अंगावर पांढरे ठिपके आले, म्हणून ह्याला वेगळा काढला. चांगला खडखडीत बरा केला. परत मोठ्या टाकीत सोडला, तर सगळ्यांनी मिळून फाडला बिचाऱ्याला. चूक माझीच."

"तुमची कशी?"

"अरे, हा नव्हता तेवढ्यात बाकीच्यांनी ह्याची जागा वाटून घेतली ना! मग परत आलेला त्यांना उपराच वाटणार. बरा झाला खरा, पण जायचं कुठे त्याने? मला कळायला हवं होतं."

खोटं कशाला सांगा, दाजींचा आवाज खरोखरच कापरा झाला होता.

"मग आता काय करायचं?"

"आता बघच."

दाजींनी बाह्या वर सारल्या आणि खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाकीत कोपरापर्यंत हात घातले. तिच्यातल्या दगडांची मांडणी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. काचेला कुणी बोट लावलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आज त्यांनी एकेक दगड उचलला, डावीकडचा उजवीकडे नेला, कपारी उलट्या केल्या. पाणी गढूळ झालं, फरशीवर सांडलं. मासे भांबावले. सगळ्यांवर दादागिरी करणारा थोराड पिवळा मासा आपलं बीळ शोधत काचेपाशी घिरट्या घालू लागला.

"आता कुणाचीच जागा नाही," दाजी म्हणाले. "सगळेच नवे."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "केवढा हा पसारा! एका माशापायी!"

"थोडं सोसतील सगळे, आई. त्याचा जीव तरी वाचेल."

पाणी निवळल्यावर त्यांनी निळ्या माशाला डब्यात घेतलं आणि डबा टाकीत हळूच कलता केला. पिवळा मासा जवळ आला. मेहुणाही पुढे वाकला. पिवळ्याने जरा बघितल्यासारखं केलं आणि तो आपली जागा शोधायला निघून गेला. निळा मासा एका दगडाखाली शिरला आणि तिथेच स्थिरावला.

"बघ! बघ कसा गेला!" दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मेहुण्याला एकदम धीर आला. उगाच धास्तावलो आपण, असं त्याला वाटलं. एवढं समजणाऱ्या माणसाला आणखी काय समजावायचं?

"मग दाजी, आणू ना ताईला घरी?"

दाजी टॉवेलने हात पुसत होते. पुसून झाले तरी पुसतच राहिले.

"तिला आणून ठेवायचं कुठे, सांग. मागच्या वेळी पाहिलंस ना, जुळवूनच घेतलं नाही तिने. आता आईची, पोरीची, सगळ्यांची घडी नीट बसलीये. एकीसाठी अख्खं घर कसं हलवणार?"

भांडायचं मेहुण्याच्या मनात आलं. पण त्याने चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरला.

खाली, रस्त्याच्या कडेला, गाडीत ताई बसली होती. तिला सकाळीच रुग्णालयातून सोडलं होतं. 'मी आधी वर जाऊन बघून येतो' असं तो म्हणाला, तेव्हा तिने हसून मान हलवली होती. केस नीट विंचरलेले होते आणि मांडीवरची पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली होती. तो शेजारी येऊन बसला. किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

तिने त्याच्याकडे वळून बघितलं.

"सांगितलंस ना रे त्यांना?" ती म्हणाली. "मला कुठलाही कोपरा चालेल. कुणाला हलवू नका म्हणावं."