मापाड्याची मागणी

नाव धक्क्याला लागली होती. मापाड्याची गाव सोडायची वेळ आली, तरी शिंपिणीला विचारायचं राहिलंच होतं. तिच्या दुकानाच्या पडवीत तो खांबाला टेकून उभा होता. वर पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता.

हवामान खात्याने त्याला पाऊस मोजायला इथे धाडलं होतं. पडून गेलेला पाऊस मोजायला पगारी माणूस ठेवतात, हे ऐकून गाव पोट धरून हसलं आणि त्या दिवसापासून तो मापाडी झाला. गाव जंगलाच्या पार पोटात. नकाशात त्या जागी नुसता हिरवा रंग. यायचं तर नदीतून, नावेने. दोरीवरचे कपडे वाळायच्या आधी विटायचे. घरं सगळी पत्र्याची, त्यामुळे पावसाने जोर धरला की शेजारच्याची शिंकसुद्धा ऐकू येत नसे.

सुरुवातीला मापाड्याचं डोकं उठायचं. मग त्याला यातली गंमत कळली. माणूस मुळात भिडस्त, पण पोटात बोलणं न मावणारा. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना काहीही बोलावं, ऐकतंय कोण! नावाडी आला की तो हसतमुखाने हात जोडून म्हणे, "या, बेडूकराव, बसा." दुकानदारीण काकूंना तितक्याच आदराने सांगे, "तुमचं पीठ खाण्यापेक्षा भिंत चाटलेली बरी." दोघंही त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत आणि तोंडं हलवत. पावसात सगळं गावच असं एकमेकांकडे बघत तोंडं हलवत बसे. सदा काहीतरी चघळत असतात बिचारे, असं मापाड्याला वाटे. त्याला त्यांची थोडी दयाही येई.

शिंपिणीला मात्र तो पावसात खरं तेच सांगे. "तुमच्यावर माझा जीव जडलाय. लग्न कराल माझ्याशी?" ती मशीन थांबवून त्याच्याकडे बघे. तिचे ओठ हलत, गाल लाल होत, आणि ती पुन्हा मशीन चालवू लागे. दाताने दोरा तोडला असेल, असं तो मनाला समजावी. पाऊस थांबला की ती आशेने मान वर करी. तेव्हा मापाडी म्हणे, "एक बटण लावायचं होतं." हळूहळू तिने आशेने बघायचं सोडलं. बटणं मात्र ती फार जोरात लावू लागली.

हिला कधी कळणारच नाही आणि आपल्याला कधी सांगता येणारच नाही, असं वाटून शेवटी त्यानेच बदली मागून घेतली. बदलीचा हुकूम आला. त्यावर गावाने त्याच्याशी बोलणंच टाकलं. बदलीत चिडण्यासारखं काय होतं, हे काही त्याला उमगेना.

आज शेवटची संधी होती. सवयीने त्याने पावसात एकदा म्हणून घेतलं, "लग्न कराल माझ्याशी?" शिंपिणीने या वेळी मानही वर केली नाही. पडवीत नावाडी आणि काकू बसले होते, त्या दोघांनी मात्र एकमेकांकडे पाहिलं. मापाड्याने ठरवलं, पाऊस थांबला की हेच मोठ्याने म्हणायचं, मग काय व्हायचं ते होवो.

पाऊस खाडकन थांबला. इतकी शांतता झाली की शेजारच्या घरातली शिंक ऐकू आली. मापाड्याने तोंड उघडलं.

"एक... एक बटण..."

नावाडी ताडकन उठला. तो शिंपिणीचा सख्खा मामा. "बस झालं! आत्ता पावसात लग्नाचं विचारलंत आणि आता बटण? रोज मागणी घालायची आणि आज पळ काढायचा? जावई होणार म्हणून वर्षभर बेडूकराव ऐकून घेतलं मी!"

मापाडी चाचरला. "तुम्हाला... ऐकू येत होतं?"

"ऐकू कसं येईल एवढ्या पावसात?" काकू म्हणाल्या. "तोंड दिसतं ना! ओठांवरून बोलणं कळतं. आमची पोरं चालायच्या आधी हे शिकतात. भिंत चवीला कशी असते हो?"

मापाड्याला वाटलं, सरळ नदीत उडी टाकावी. म्हणजे शिंपिणीला सगळं कळत होतं. पहिल्या दिवसापासून. आणि इतक्या वेळा विचारूनही तिने एका शब्दाने उत्तर दिलं नव्हतं. लाजेपेक्षा ते त्याला जास्त लागलं. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. वर्षभरात पहिल्यांदाच, कोरड्या हवेत, तो मोठ्याने बोलला.

"नको असेन तर नको म्हणा. पण काहीतरी बोला ना! लग्न कराल माझ्याशी?"

शिंपिणीने मशीन थांबवलं. ती उठून उभी राहिली, तिने तोंड उघडलं, आणि पाऊस पुन्हा पत्र्यावर आदळला.

तिचे ओठ हलले. मापाडी कान पुढे करून उभा राहिला. ती पुन्हा काहीतरी म्हणाली. त्याने हताश होऊन मामाकडे पाहिलं.

मामा त्याच्या मख्ख चेहऱ्याकडे बघतच राहिला. मग त्याने कपाळावर हात मारला, त्याच्या कानाला तोंड लावलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "अहो, हो म्हणतेय ती! वर्षभर दुसरं काय म्हणतेय!"