आईनं दिलेलं जिरेनियम

नवरा गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. ती उठायची, चहा करायची, खिडकीतल्या जिरेनियमला पाणी घालायची. पान चुरगाळलं की लिंबासारखा वास देणारं ते झाड तिच्या आईनं दिलेलं, बावीस वर्षांपूर्वी. नवऱ्याला ती त्याला हातही लावू द्यायची नाही. "तुम्ही माराल त्याला," म्हणायची.

महिन्याभरात झाडानं मान टाकली, तशी ती कुंडी उचलून नर्सरीत गेली.

नर्सरीवालीनं माती उकरून पाहिली. "मुळं कुजलीत. पाणी फार होतंय. पण ही काठ फुटलेली निळी कुंडी मी ओळखते हो! एक काका आणतात. दरवर्षी बायको गावाला गेली की येतात, असंच कुजलेलं काढून अगदी एवढंच नवं रोप यात लावून नेतात. म्हणतात, तिच्या आईची आठवण आहे, तिला कळता कामा नये. यंदा कसे आले नाहीत ते?"

 

'ते गेले' हे महिनाभर ती प्रत्येकाला सरळ सांगत आली होती. आज तिनं तोंड उघडलं आणि तिला ते सांगताच येईना.